शेवटचा दिसला चौकीत शिरताना

१४ जुलै, सोमवार

आजपासून रेडिओवरचं शहर माझ्याकडे. शहर म्हणजे नगर निगम आणि पोलीस. यज्ञेश्वरराव म्हणाले, "अनुताई, तुम्ही मुलींना एवढी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंत, आता झाशीला शिकवा." मी म्हटलं, झाशीने गृहपाठ केला तर शिकवीन.

यज्ञेश्वरराव केंद्राचे प्रमुख. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून या केंद्रावर आले. त्यांच्याशिवाय इथे मराठीत बोलणारं कुणी नाही. निवेदिका मयुराला मराठी कळतं, बोलता येत नाही. मी मराठीत रागावते, ती हिंदीत सॉरी म्हणते.

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र. परवान्याप्रमाणे आम्हाला बातम्या देता येत नाहीत, सूचना देता येतात. उद्या पाणी येणार नाही, ही सूचना. का येणार नाही, ही बातमी. फरक सोपा आहे. मयुराला अजून कळलेला नाही.

काल तिचा कार्यक्रम उशिरा संपला. नोंदीत कारण लिहिलं होतं, 'तांत्रिक'. मी विचारलं, तांत्रिक म्हणजे काय? ती म्हणाली, "मैडम जी, चाय आ गई थी." मी ते खोडून 'चहा' लिहायला लावलं. नोंदीत खोटं लिहायचं नाही.

१७ जुलै, गुरुवार

निगमच्या बैठकीला गेले. पार्षद, म्हणजे नगरसेवक, दामोदरजी उभे राहून म्हणाले की मानिक चौकामागचा नाला पूर्ण साफ झाला आहे. टाळ्या वाजल्या. परत येताना मुद्दाम नाल्यावरून आले. घरी येऊन चपला धुवाव्या लागल्या.

नाला साफ झाल्याची सूचना देणं मला पटेना. साफ झाला नाही असं म्हटलं तर ती बातमी होते. शेवटी सूचना दिली: "मानिक चौकाच्या मागून जाणाऱ्या नागरिकांनी आपापल्या चपला जपाव्यात."

यज्ञेश्वरराव खूप हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

१९ जुलै, शनिवार

मिक्सर बिघडला. दुरुस्तीला जयदीप आला. मानिक चौकात त्याचं माइक-भोंगे दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात त्याची आई मधु साड्यांना फॉल-पिको करते. मुलगा हुशार आहे, पण तोंडाला झाकण नाही. म्हणाला, "मैडम जी, आपकी चप्पल वाली सूचना हमने अपने वीडियो में लगा दी. पीछे नाला, ऊपर आपकी आवाज़. आधे शहर ने देख लिया."

मी सांगितलं, आधी विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." हे तो मराठीत म्हणाला. माधवराव वकिलांच्या घरी दर गणपतीत भोंगे दुरुस्त करता करता शिकला म्हणे. उच्चार मयुरापेक्षा बरे आहेत.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी मधु केंद्रावर आली. चपला बाहेर काढून उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना. जयदीप काल भल्या सकाळपासून घरी आलेला नाही. इमलीवाल्या, म्हणजे चिंचेच्या, पोलीस चौकीतून बोलावणं आलं, पाच मिनिटांचं काम आहे म्हणून गेला. दामोदरजींची तक्रार आहे: व्हिडिओ काढून टाक आणि माफीनामा लिहून दे. जयदीप म्हणाला, नाला साफ करा, लगेच लिहितो. मग आत नेलं. मधु चिंचेच्या झाडाखाली अंधार होईपर्यंत बसून होती. तो बाहेर आला नाही.

मी चौकीला, तिथल्या फौजदारांना म्हणजे दरोगाजींना, फोन केला. दरोगाजी म्हणाले, "इस नाम का कोई आदमी हमारे यहाँ नहीं है, मैडम." आवाज स्पष्ट होता. मी नाव, वेळ लिहून घेतली.

मधुला समजावलं. कुणालाही चोवीस तासांपेक्षा जास्त चौकीत ठेवता येत नाही, मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. हे मी दर वर्षी नववीला शिकवत असे. चोवीस तास झाले, मॅजिस्ट्रेटकडे नेलं नाही, आणि दरोगाजी म्हणतात तो तिथे नाही. म्हणजे तो तिथे नाही. मधुने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो कहाँ है, बहनजी?"

प्रश्न योग्य होता. जो घरी नाही, दुकानात नाही आणि चौकीतही नाही, तो हरवलेला आहे. हरवलेल्या व्यक्तींची सूचना आमच्या परवान्यात बसते. लगेच नमुना भरून घेतला.

दुपारी वाचली, स्वतः:

"गुमशुदा की सूचना. नाम जयदीप, उम्र चौबीस वर्ष, रंग साँवला, धारीदार कमीज़. अंतिम बार इमली वाली चौकी के भीतर जाते देखे गए. बाहर आते नहीं देखे गए. चौकी के अनुसार वे भीतर नहीं हैं. जिस किसी को मिलें, कृपया उनकी माँ को बताएँ."

तिन्ही माहिती पडताळलेली. दिवसातून तीन वेळा वाचायचं ठरलं.

२३ जुलै, बुधवार

मानिक चौकातून भाजी घेऊन आले. आमच्या सूचनेच्या वेळी सगळ्या दुकानांत रेडिओ मोठा केलेला. लोक ऐकतात आणि एकमेकांकडे बघतात. बर्तनवाले म्हणाले, "क्या लिखती हैं मैडम जी!" मी म्हटलं, नमुन्याप्रमाणे लिहिते.

लोकांनी नागरिक म्हणून जागरूक असावं, हे मी जन्मभर सांगत आले. आज फळ दिसलं. चार-पाच दुकानदार आणि दोन पुजारी मिळून चौकीत शोधायला गेले. जयदीप शेवटचा तिथे दिसला, म्हणून तिथून सुरुवात. टेबलाखालीही पाहिलं म्हणे. दरोगाजींनी मागच्या खोलीची किल्ली हरवली असल्याचं सांगितलं. त्यांना किल्लीचीही सूचना द्यायची असेल तर देऊ, असा मी निरोप पाठवला.

२४ जुलै, गुरुवार

चारच्या फर्माइशीच्या कार्यक्रमात एक गृहस्थ फोनवर बोलले. नाव सांगितलं नाही. "मामा बोल रहे हैं" एवढंच. घरी भनेज आला आहे म्हणाले. इकडे बहिणीच्या मुलाला भनेज म्हणतात, आणि मामा त्याच्या पाया पडतो. तेवढं ठीक. पण पुढे: "भनेज ने आज दो रोटी खाई, भटे के भरते के साथ. नींद भी आई. घर में कोई चिंता न करे." मग बहिणीवरचं एक जुनं सिनेमाचं गाणं मागितलं.

फर्माइशीत गाणं सांगायचं, जेवण नाही. मयुराला म्हटलं, अशांना मध्येच थांबवत जा. तिने गाणं लावलं. तिचे डोळे का भरले होते कळेना. झोप नीट घेत नसावी.

२५ जुलै, शुक्रवार

मधु सूचना पुढे चालू ठेवा म्हणून सांगायला आली, ती फर्माइश संपेपर्यंत बसली. मयुरानेच बसवून घेतली. मामा पुन्हा बोलले, दुसऱ्याच नंबरावरून. भनेजने आज पुन्हा भरता खाल्ला म्हणे, अर्धी रोटी जास्त. मधु एकदम तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता रडली. "मोरो मोड़ा तो भटा खातई नइयाँ," म्हणाली. माझा मुलगा तर वांगं खातच नाही. कुणाच्याही भाच्याने वांगं खाल्लं तरी तिला स्वतःचा मुलगा आठवतो. आईचं मन.

तिला सिनेमाची गाणी आवडतात असं दिसतं. दुःखात विरंगुळा हवाच. उद्यापासून रोज येऊन बस म्हटलं.

संध्याकाळी दामोदरजी स्वतः आले. पांढरे कपडे, मागे दोन माणसं, हातात पेढे.

"मैडम जी, हमारी धर्मपत्नी आपकी छात्रा रही हैं."

"आठवते. नववीत दोनदा बसली."

पेढ्यांचा डबा टेबलावरच राहिला. मग म्हणाले की राखीच्या शुभेच्छा आमच्या केंद्रावरून द्यायच्या आहेत, मोठी जाहिरात, महिनाभर. आणि ती गुमशुदावाली सूचना आता पुरे. मोहल्ल्याची बदनामी होते.

"शुभेच्छा देऊ. सूचना थांबणार नाही. मुलगा सापडेपर्यंत द्यायची असा नियम आहे."

"तो मिल जाएगा, मैडम जी. लड़के हैं, घूम-फिर के आ जाते हैं."

"कुठे फिरतो आहे हे आपल्याला माहीत असेल तर सांगा, नमुन्यात एक जागा रिकामी आहे."

ते यज्ञेश्वररावांकडे वळले. यज्ञेश्वरराव छताकडे बघत होते. जाता जाता दामोदरजी म्हणाले, परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागतो ना? मी सांगितलं, हो, आणि सगळे कागद वेळेवर आहेत. त्यांनी केंद्राच्या कामकाजात एवढा रस घेतला याचं आश्चर्य वाटलं. पेढे परत दिले.

२६ जुलै, शनिवार

आज मयुराशी भांडण. मामा पुन्हा. आज भनेजला आंघोळ मिळाली. रोज कुठल्यातरी वेगळ्या नंबरावरून एक निनावी माणूस येतो आणि भाच्याचं खाणं-पिणं सांगतो. मामाकडे भाचा चार दिवस राहतो, हे मी समजू शकते. पण शहराला त्याचं काय? तेवढ्या वेळात गुमशुदाची सूचना एकदा जास्त वाचता येईल.

मयुरा म्हणाली, "मैडम जी, मामाजी को मत रोकिए. प्लीज़."

"कारण सांग."

"बस, मत रोकिए."

कारणाशिवाय मी काही करत नाही. हेडफोन मी घेतला आणि प्रसारणावरच विचारलं: "आपण कोण? नाव सांगा, पूर्ण पत्ता सांगा." पलीकडे पंख्याचा आवाज आणि कुणाचंतरी खोकणं. मग फोन बंद.

नाव विचारल्यावर जो पळतो तो खरा श्रोता नव्हे, असं मी मयुराला सांगितलं. मधु कोपऱ्यात बसली होती. तिच्या हातातला पेला खाली पडला.

२८ जुलै, सोमवार

मामांचा फोन नाही. कार्यक्रम वेळेत संपला.

मधु शेवटच्या गाण्यापर्यंत बसली, मग उठली, मला नमस्कार केला आणि गेली. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं असं मयुरा म्हणते. मयुरा माझ्याशी बोलत नाही. यज्ञेश्वररावांनी चहा घेता घेता विचारलं, "अनुताई, गार्ड असताना मी हिरवा कंदील दाखवायचो. ड्रायव्हरने कधी माझं नाव विचारलं नाही. का बरं?"

मी म्हटलं, कारण त्याची गरज नव्हती.

"हं," म्हणाले आणि चहा संपवला.

काय सुचवायचं होतं ते सरळ का सांगत नाहीत?

२९ जुलै, मंगळवार

रात्री नियमपुस्तिका काढून वाचली. फर्माइश करणाऱ्याने नाव सांगणं बंधनकारक आहे, असं कुठेच लिहिलेलं नाही. मी चुकले होते. चूक सुधारायची तर ज्या ठिकाणी केली तिथेच. चारच्या आधी स्वतः निवेदन केलं: "श्रोताओं को सूचित किया जाता है कि फ़रमाइश के लिए नाम-पता बताना आवश्यक नहीं है. शनिवार को पूछा गया प्रश्न नियम के बाहर था."

मयुराने मला पाठीमागून मिठी मारली. केंद्रावर हे चालत नाही, पण आज चालू दिलं.

पहिलाच फोन मामांचा. आवाज दबलेला. "भनेज को कल से बुखार है. तेज़ है. दवा मँगाने को कहा है, कोई ला नहीं रहा." गाणं मागितलं नाही.

मधु उभी राहिली. ती माझ्याकडेच बघत होती, मयुराकडे नाही. का ते सांगता येत नाही, पण मला त्या वेळी वाटलं की मी वर्गात आहे आणि मला एखादं उत्तर येत नाहीये.

घरात आजारी मुलाला औषध न आणणारं कसलं घर? आरोग्याच्या सूचना परवान्यात बसतात. मी माइक घेतला: "जिस किसी घर में कोई बीमार है, उसे तुरंत अस्पताल ले जाया जाए. बीमार को कमरे में बंद रखना अपराध है, चाहे कमरा किसी का भी हो." कलम आठवत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर लक्षात आलं की गुमशुदाची सूचना आठवडाभर चालली आहे. आठवड्यानंतर पोलिसांत नोंदवलेल्या गुमशुदगीची प्रत लागते. ती मधुने काढलेलीच नाही. उद्या चौकीत जाऊन काढून घ्यायची.

३० जुलै, बुधवार

मधुला घेऊन इमलीवाल्या चौकीत गेले. चौकी लहान आहे: समोर टेबल, मागे बंद खोली, बाहेर चिंच. दरोगाजी मला पाहून उभे राहिले.

"गुमशुदगी नोंदवायची आहे."

"मैडम, उसके लिए थाने जाइए."

"शेवटचा जिथे दिसला तिथल्या चौकीत नोंद होते. लिहा."

त्यांनी पेन उचललं. नाव विचारलं, वय विचारलं. मग "अंतिम बार कहाँ देखा?" म्हणून हात थांबला.

"यहीं," मधु म्हणाली.

"मतलब, आसपास."

"यहीं," मी म्हटलं. "इमलीवाल्या चौकीत, या दारातून आत जाताना. पाहणारी ही उभी आहे. आपणच फोनवर सांगितलंत की तो इथे नाही. तेही लिहा. दोन्ही लिहा, म्हणजे तपासाला सोपं जाईल."

दरोगाजी पेनकडे बघत राहिले. बाहेर लोक जमायला लागले होते. बर्तनवाले, पुजारी, फॉल-पिकोच्या गिऱ्हाइक बायका. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळे शोधायला आले होते. मी बाकावर बसले आणि सांगितलं की प्रत मिळाल्याशिवाय मला उठता येणार नाही, कारण नियम केंद्राचा आहे, माझा नाही.

एका सडपातळ सिपाह्याने मला पाणी आणून दिलं. "पी लीजिए, मैडम जी," म्हणाला. आवाज ओळखीचा वाटला. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीचा नवरा असावा. मधुने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

बंद खोलीतून कुणीतरी खोकलं. दरोगाजी म्हणाले, मांजर आहे. मी म्हटलं, मांजरालाही औषध द्यावं. हवा खराब आहे.

त्यांनी दाराबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग ते एकाएकी म्हणाले, "मैडम जी, एक काम कीजिए. आप घर जाइए. हम ढूँढते हैं. आज ही ढूँढते हैं."

"शोधलात तर मी रेडिओवर आपलं नाव घेऊन आभार मानीन."

"नाम लेकर?"

"नाव आणि पद."

त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. गेल्या आठवड्यात त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवेलागणीला फोन आला: गुमशुदा युवक रेल्वे स्टेशनच्या बाकावर सापडला. इमलीवाल्या चौकीच्या तत्परतेमुळे. तापामुळे इस्पितळात दाखल केलं आहे, धोका नाही. मी मधुला सांगायला दुकानावर गेले, ती आधीच इस्पितळात गेली होती.

मयुराला त्या सिपाह्याच्या आवाजाबद्दल म्हटलं. आता आठवलं: आमचे फर्माइशवाले मामा अगदी असेच बोलतात. ती पांढरी पडली. "मैडम जी, ये बात किसी से मत कहिएगा." चांगल्या माणसाचं कौतुक लपवायचं कशाला?

३१ जुलै, गुरुवार

वचन पाळलं. दरोगाजींचं नाव व पद घेऊन आभार मानले. शेवटी एक वाक्य जोडलं: "उन सिपाही जी का भी धन्यवाद जिन्होंने पानी पिलाया, और जिनकी आवाज़ हमारे फ़रमाइश वाले मामाजी से हूबहू मिलती है."

मयुरा कंट्रोल रूममधून धावत आली, पण वाक्य होऊन गेलं होतं.

आज मामांचा फोन नाही. भनेज घरी गेला असेल.

४ ऑगस्ट, सोमवार

पोलिसांकडून बदल्यांची माहिती आली. इमलीवाल्या चौकीतल्या एका सिपाह्याची गरौठ्याला बदली, तत्काळ. वाचून दाखवली. बदली ही सूचनाच.

मयुरा उठून बाहेर गेली.

५ ऑगस्ट, मंगळवार

जयदीप आणि मधु आले. जयदीप वाळला आहे, दाढी वाढली आहे, पण तोंडाला अजून झाकण नाही. "मैडम जी, माफीनामा नहीं लिखा," म्हणाला. मी म्हटलं, ठीक केलंस. मग म्हणाला, "वो एक सिपाही थे, अपने टिफिन से भरता..." मधुने त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो गप्प झाला. मयुरा टेबलाकडे बघत होती. यज्ञेश्वरराव छताकडे.

ते गेल्यावर मी या वहीतलं ३१ जुलैचं पान पुन्हा वाचलं.

आज पुढे काही लिहीत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

मधु एक लिफाफा ठेवून गेली. आत राखी, लाल रेशमाची, घरी केलेली. पिकोच्या मशीनवर कडा शिवलेल्या. "उन भैया के लिए जो बोलत हते," म्हणाली. लिफाफ्यावर पत्ता नाही.

केंद्र म्हणजे पोस्ट ऑफिस नव्हे, असं मी तिला सांगणार होते. लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला.

गरौठा दूर आहे. मोठ गावाच्या बाजूने गेलं तरी दूर. आमचं केंद्र तर झाशीच्या वेशीबाहेर लागतच नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

निगमच्या बैठकीत दामोदरजी म्हणाले, नाला साफ झाला. मी बैठकीनंतर पाहून आले. खरंच झाला आहे. सूचना दिली: "मानिक चौकाच्या मागून आता चपला घालून जाता येईल." जयदीपने ती पुन्हा व्हिडिओत लावली. या वेळी विचारून.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. मयुराला सुटी, भाऊ आला आहे तिचा. फर्माइश मी सांभाळली. राखीमुळे फोनांची रांग. नियमाप्रमाणे कुणालाच नाव विचारलं नाही.

वेळ संपत आली तेव्हा एक फोन. खरखर फार. "मैडम जी, एक गाना बजा दीजिए." तेच बहिणीवरचं.

फर्माइशीचे सगळे फोन प्रसारणावर घ्यायचे, हा माझाच नियम. बटण दाबलं नाही. एक लांब जाहिरात लावली आणि फोन कानाशी घेतला.

"आप कहाँ से बोल रहे हैं?"

"गरौठा."

"गरौठ्यात आमचं केंद्र लागत नाही."

"मालूम है, मैडम जी. आप बजा दीजिए. वहाँ कोई सुन लेगा."

मी मग सांगितलं: "भनेजचा ताप उतरला. कालपासून दुकानात बसतो. भटे का भरता आई करते, तो खातो. म्हणतो, मामाकडच्या भरत्यासारखा नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज. मग एक हुंकार, "हओ."

"आता नाव आणि पूर्ण पत्ता सांगा," मी म्हटलं. "राखी पाठवायची आहे. इथे कुणी ऐकत नाही."

मागच्या वेळी याच प्रश्नावर फोन बंद झाला होता. मी रिसीव्हर घट्ट धरला. मग त्याने सांगितलं, सावकाश, पिनकोडसह. मी लिफाफ्यावर लिहून घेतलं. इथे लिहीत नाही.

"मैडम जी, रखता हूँ."

"ठेवू नका."

गाणं लावलं आणि रिसीव्हर स्टुडिओतल्या स्पीकरला टेकवून धरला. पूर्ण गाणं, मधल्या संगीतासकट. मधून एकदा खोकण्याचा आवाज आला, म्हणजे लाइन चालू होती. हात भरून आला, पण खाली घेतला नाही. तोवर पुढचे फोन वाजत राहिले, घेता आले नाहीत, आणि संध्याकाळचा कार्यक्रम उशिरा सुरू झाला.

नोंदवहीत उशिराचं कारण लिहायचं होतं. थोडा वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं: 'तांत्रिक'.